यात्रा हजार माणसांची, साखर सहा कप चहाची

मावशी, नमस्कार.

बेळगावच्या पश्चिम भागात आमचं गाव. मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, शिवाय घरची थोडी शेती, भात आणि रताळी. मी घरी शिलाई करते. मुलगा कॉलेजला, मुलगी नववीत, सासूबाई आमच्याजवळच असतात. दसऱ्यानंतर मिस्टरांचं रक्त तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ आली. डॉक्टर म्हणाले, "अजून डायबेटिस नाही, पण काठावर आहात. सगळं प्रमाणात खा." प्रमाणात म्हणजे किती ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. ह्यांनी त्याच दिवशी जाहीर केलं, गोड बंद, भात बंद, चहा बंद. आठवडाभर चाललं. मग पाहुणे कुंदा घेऊन आले आणि ह्यांनी अर्धा डबा एकट्याने संपवला. आता म्हणतात, पाडव्यापासून परत. तंबाखू आहे ती आहेच, विचारलं तर म्हणतात, "प्रमाणातच खातो की."

त्यात येत्या वैशाखात आमच्या गावची लक्ष्मी यात्रा, अठरा वर्षांनी. ह्यांच्या डोक्यात हजार माणसांचं जेवण आहे, सोसायटीतून तीन लाख काढायचं चाललंय. थोरले दीरही त्याच मताचे. मी काही बोलले की घरात कंजूस मीच. माझंही सगळं बरोबर आहे असं नाही, रात्री साडेबारा-एकपर्यंत मोबाईल सुटत नाही आणि भिशी लागली की साडी ठरलेली. प्रमाणात राहायचं म्हणजे नेमकं कसं, ते जरा सांगा.

- एक वाचक, तालुका बेळगाव

---

अगं पोरी, तुझ्या पत्रात दोन मोठे प्रश्न आहेत, तुझ्या मिस्टरांची, म्हणजे माझ्या जावयांची साखर आणि यात्रेचा खर्च. तू दोन्ही एकाच भांडणात घेतेस आणि म्हणून दोन्हीकडे हरतेस. यात्रेत मटणावर ताव मारू नका असं जावयांना बजावतेस आणि त्यांच्या रोजच्या चहात दोन चमचे साखर तूच घालतेस, खरं ना?

माझं म्हणणं आधी सांगून टाकते. शरीराचा हिशेब रोजच्या दिवसांवर होतो आणि पैशाचा हिशेब मोठ्या दिवसांवर. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं. बाजारात कोथिंबिरीच्या पेंडीसाठी आपण दोन रुपयांवरून अडून बसतो आणि यात्रेला तीन लाख एका सहीत काढतो. खाण्यात रोज कुणी मोजत नाही, आणि मग एकादशी, पाडवा, नवीन वर्ष असला काहीतरी मुहूर्त धरून एकदम संन्यास. तेव्हा खाण्याचं माप रोजच्या स्वयंपाकघरात बसव आणि पैशाचं माप यात्रेला लाव. यात्रेच्या दिवशी जावई काय खातात याकडे तू बघूसुद्धा नकोस.

आता डॉक्टरांनी जे सांगायचं राहिलं ते. ६.२ हा आकडा म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ मध्ये काठावर, ६.५ आणि त्यापुढे डायबेटिस. म्हणजे जावई काठाच्याही पुढच्या अर्ध्यात आहेत. ह्यात ते एकटे नाहीत. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत अशी काठावरची माणसं १३ कोटींच्या वर निघाली. काठावरून मागे येता येतं, हेही नीट तपासून झालेलं आहे. अमेरिकेत २००२ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात काठावरच्या माणसांना दोनच उद्दिष्टं दिली होती: वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं. जवळपास तीन वर्षांत त्यांच्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. आपल्या देशात चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी असाच अभ्यास केला, तो २००६ मध्ये आला. आपल्या माणसांत फायदा तेवढा मोठा नव्हता, २८ टक्क्यांच्या आसपास, पण तो स्पष्ट होता. ह्या दोन्ही ठिकाणी कुणी "आजपासून भात बंद" अशी शपथ घातली नव्हती. जावयांचं वजन ऐंशी किलो असेल तर साडेपाच किलो उतरवायचं आहे, वर्षभरात. त्यासाठी पाडव्याची वाट कशाला बघायची?

त्यांच्या त्या शपथेबद्दल मला जरा बोलायचंय, कारण निम्मी घरं ह्यातच अडकतात. सगळं बंद केलं की पहिल्या दिवशी माणूस स्वतःवर खूष असतो. चौथ्या दिवशी चिडचिड. आणि ज्या दिवशी एक घास जातो त्या दिवशी डोक्यात एकच गोष्ट येते, आता मोडलंच आहे तर होऊन जाऊ दे. तुमच्याकडे अर्धा डबा कुंदा असाच संपला. "रोज एवढं" असं ठरलेलं असतं तर दोन चमचे खाऊन डबा बाजूला गेला असता, कारण मोडण्यासारखं काही नव्हतंच. आणखी एक. जावई भट्टीजवळ काम करतात. चहा नाही, भात नाही, पोटात काही नाही अशा अवस्थेत तापलेल्या लोखंडापाशी उभं राहणं हे धाडस झालं. त्यांना हे तू सांगू नकोस, कंपनीतल्या जुन्या माणसाकडून कळलं तर पटेल.

चहाचा हिशेब कागदावर मांड. सकाळी घरी दोन कप, कंपनीत दोन, परतल्यावर एक, संध्याकाळी चौकात मित्रांबरोबर एक. एवढे असतातच, कमी असतील तर मला कळव, मी तोंडात बोट घालीन. प्रत्येक कपात दोन चमचे. आपण चमचा कधी सपाट घेत नाही, तेव्हा पाच ग्रॅम धर. सहा कपांची साठ ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. जावई दुपारच्या जेवणाआधीच तिथं पोचलेले असतात. महिन्याला नुसत्या चहातून जवळपास दोन किलो, वर्षाला वीस-बावीस किलो साखर. यात्रेचं गोड, दिवाळीचा फराळ, चार लग्नांची जेवणं आणि पाहुण्यांचा कुंदा एकत्र केला तरी एवढी भरत नाही. म्हणून म्हणते, चोर चहात बसलाय आणि तू यात्रेच्या मांडवात शोधतेस.

चहा बंद करायचा नाही. आपल्या भागात चहा नाही म्हटलं तर माणूस आजारी आहे की रागावलाय, असाच प्रश्न पडतो. घरच्या तीन कपांचे दोन कर आणि कपही लहान काढ, कपाटात लग्नातल्या आहेराचे पडले असतील ते. साखर दोन चमच्यांवरून दीडवर आण, पंधरा दिवसांनी एकवर, आणि हे गाजावाजा न करता. जिभेला सवय लागायला तेवढे दिवस लागतातच. एकदम अर्धी केलीस तर पहिल्याच घोटाला "हे काय पाणी दिलंस" असं ऐकशील. साखरेच्या डब्यातला मोठा चमचा काढून लहान टाक. कंपनीतल्या चहावर तुझा ताबा नाही, त्याची चिंता सोड. चौकातला मात्र त्यांनी अर्धा घ्यावा. हॉटेलवाल्याला कटिंग सांगायला कुणाला लाज वाटत नाही.

आणि गुळाच्या नादाला लागू नकोस. ऊस पिकवणारा आपला जिल्हा, गुळाबद्दल आपल्याला मायाही आहे, आणि "साखर सोडली, आता गुळाचाच चहा" असं छाती पुढे काढून सांगणारे गावोगाव आहेत. रक्तात गेल्यावर गूळही साखरच वाढवतो. गोकाकच्या करदंटाचंही तेच. डिंक, सुकं खोबरं, बदाम, सगळं पौष्टिक, आणि सगळं गुळात बांधलेलं. एक तुकडा खाल्ला तर खाल्ला, पौष्टिक आहे म्हणून चार नकोत.

भाताचं. खानापूर-बेळगावच्या माणसाला भात बंद सांगणारा डॉक्टर एक तर बाहेरचा असतो नाही तर स्वतः चोरून खात असतो. माझी सूचना एवढीच. आठवडाभर जावयांना ते नेहमी घेतात तेवढाच भात वाढ, पण वाटीने मोजून वाढ आणि आकडा स्वतःजवळ ठेव. चार वाट्या निघतील, कदाचित पाच. मग रात्रीच्या दोन कर. जागा रिकामी राहिली की माणूस भांड्याकडे बघतोच, म्हणून ती जागा आधी भर. मसुराची आमटी घट्ट कर, पालेभाजी दुप्पट कर, काकडी-कांदा चिरून ताटात आधीच ठेव. आमटी-भाजी आधी वाढ, भात मागून. तुझ्या घरच्या शेतात भातामागून मसूर-वाटाणा होत असेल तर बाजारातून काही वेगळं आणायची गरजच नाही. जेवण झाल्यावर लगेच खुर्चीत बसण्याऐवजी दोघांनी मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायचं. पंधरा मिनिटं पुरेत. जेवणानंतरच्या चालण्याने साखर कमी उसळते, आणि तुम्हा दोघांना सासूबाई आणि मुलं सोडून बोलायला वेळ मिळतो. यात्रेचं बोलणंही तिथंच काढ, घरात काढू नकोस.

तेलाचं थोडक्यात. माणशी महिन्याला अर्धा लिटर हे बरं माप, म्हणजे तुम्हा पाच जणांना अडीच लिटर. महिना सुरू होताना वेगळ्या बाटलीत काढून ठेव आणि कितव्या तारखेला संपतं ते बघ.

सासूबाईंचे उपवास तू पत्रात लिहिले नाहीस, पण लिहिलं नाही म्हणून नसतील असं थोडंच. घरात उपवास एकाचा असतो आणि खिचडी सगळ्यांची होते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यावर शेंगदाण्याचा कूट, तूप, बटाटा, आणि वर "आज काही खाल्लं नाही" म्हणून दुपारी वेफर्स. घरी रताळी पिकतात ना? उकडून दे, साखर घातलेला कीस नको. सासूबाईंना बोललीस तर देवाच्या आड आलीस असं होईल, म्हणून बोलू नकोस, फक्त करायला लाग.

कुंद्याचंही असंच. घरात आलेल्या डब्यापुढे मन घट्ट करणं हे साधू-संतांचं काम आहे, तुमच्या-आमच्यासारख्यांनी दुकानातच थांबावं. गणपत गल्लीत गेलात तर पाव किलो घ्या, अर्धा घेऊ नका. पाहुण्यांनी आणला तर त्याच संध्याकाळी वाट्यांतून शेजारी पाठवून दे. गावात गोड वाटल्याचं कुणाला वाईट वाटलेलं नाही.

तंबाखूला मात्र मी हे सगळं लागू करणार नाही. चहा, भात, मटण, साडी, मोबाईल, सगळ्याला माप आहे. तंबाखूला नाही. इतकी खाल्ली तर चालते अशी रेघ कुठल्याच डॉक्टरने ओढून दिलेली नाही, कारण ती नाहीच. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूवर शेतकरी उभे राहिले, बायकांनी बिड्या वळून मुलं शिकवली, हे मला ठाऊक आहे आणि त्यांच्याबद्दल मी वाकडा शब्द बोलणार नाही. पण पिकवणाऱ्याचं पोट वेगळं आणि खाणाऱ्याचा गाल वेगळा. जावयांना सांग, तोंड पूर्वीइतकं उघडतंय का, आत पांढरा चट्टा आहे का, हे एकदा दाताच्या डॉक्टरला दाखवा. सोडायला मदत हवी असेल तर सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११२-३५६. दारूचं तू काही लिहिलेलं नाहीस, म्हणून मीही उगाच काढत नाही. एवढंच की जो माणूस एकावर थांबू शकत नाही, त्याला "प्रमाणात घ्या" हा सल्ला देणारा त्याचा मित्र नव्हे.

आता यात्रा.

इथं मी आधी जावयांची बाजू घेणार आहे, रागावू नकोस. अठरा वर्षांनी देवी गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या तिच्या आसनावर बसणार. तुझी मुलगी तेव्हा जन्मलेलीसुद्धा नव्हती. गाव रंगवलं जाईल, माहेरवाशिणी ओट्या भरायला येतील, रथ ओढला जाईल, सगळ्या गल्ल्यांत मांडव पडतील. अशा वेळी घरात चार माणसं जेवू घालावीत असं ज्याला वाटत नाही त्याच्या घरी मी पाणीसुद्धा पिणार नाही. शिवाय अठरा वर्षं जावई आजूबाजूच्या गावांत यात्रा खाऊन आलेत. "तुझ्या यात्रेला आम्ही येणार हां" असं प्रत्येक ताटावर ऐकून आलेत. ते देणं आहे. तू खर्च कमी करा म्हणतेस तेव्हा त्यांना ऐकू येतं, देणं बुडवा. म्हणून ते खवळतात. तेव्हा देणं आहे हे तू आधी, तुझ्या तोंडून, मान्य कर. मग आकड्यांवर ये.

एका ताटामागे पाव किलो मटण धरतात. किलोला साडेसातशे भाव धरला तर १८७ रुपये फक्त मटणाचे. त्यात तांदूळ, भाकरी, मसाला, तेल, आचारी, भांडी, मांडव मिळवलं की ताट तीनशेच्या खाली बसत नाही. हजार माणसं म्हणजे तीन लाख, हा हिशेब जावयांनी बरोबर केलाय. त्यांनी जो केला नाही तो पुढचा. सोसायटीचं कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं असं धर. महिना सव्वादहा हजारांच्या आसपास हप्ता, आणि तीन वर्षांत व्याजच एकोणसत्तर हजारांच्या घरात. व्याजाच्या पैशात सव्वादोनशे माणसं जेवली असती. आणि हप्ते कुठली तीन वर्षं खाणार ते बघ: मुलीची दहावी, पीयूसीचं पहिलं (अकरावी), पीयूसीचं दुसरं (बारावी). नेमकी तीच. हे वाक्य तू बोल. "एवढा खर्च कशाला" हे बोलू नकोस, ते आतापर्यंत पन्नासदा बोलून झालंय.

आपल्याकडे आधी माणसं ठरतात आणि मग पैसे शोधायला निघतात. हे उलटवायचं. घरात आज हातात किती आहे, वैशाखापर्यंत तुझी भिशी लागणार असेल तर ती किती, रताळ्याचे किती आले, आणि वर काही काढायचंच तर एका वर्षात फिटेल एवढंच. ही बेरीज एक लाख वीस हजार आली असं समज. तीनशेने भागलं की चारशे ताटं. चारशे म्हणजे काही कमी नाहीत गं. तुमच्या अंगणात ते चार पंगतींत बसायचे नाहीत.

मग वही घ्या, आणि जावयांनाच नावं लिहायला बसव. पहिल्या पानावर रक्ताची आणि सोयरिकीची माणसं: बहिणी, व्याही, मामा, तुझं माहेर. दुसऱ्यावर ज्यांच्या घरी आपण यात्रा जेवलो ते. हे दोन्ही घरपट लिहायचे, डोकी मोजून. इथं एकही नाव कापायचं नाही. बहुतेक घरांत तीनशे-साडेतीनशेवर हे संपतं. हजाराचा आकडा येतो तो तिसऱ्या पानातून. कंपनीतली पूर्ण शिफ्ट, मुलाच्या कॉलेजातली पोरं, कुठल्या तरी लग्नात ओळख झालेला माणूस, आणि मोबाईलवर पत्रिका टाकली म्हणून आलेले. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे, एकाला बोलावलं तर मोटरसायकलवर तिघं येतात आणि तिसऱ्याचं नाव पहिल्यालाही माहीत नसतं. तो तिसरा जेवून गेला म्हणून घरची इज्जत एक तसूभर वाढत नाही. तेव्हा पत्रिका स्टेटसवर टाकायची नाही. ज्यांना बोलवायचं त्यांना फोन, आणि पहिल्या पानावरच्यांना घरी जाऊन. घरी जाऊन बोलावलेला पाहुणा जेवणाचे तुकडे मोजत नाही. कंपनीतल्या मित्रांना यात्रा झाल्यावर एका रविवारी बोलवा, वीस-पंचवीस जण, घरच्या हातचं. त्यांच्याशी धड बोलताही येईल. यात्रेच्या गर्दीत यजमान कुणाशी बोलू शकतो का? आलेल्याला "जेवलासा काय?" आणि जाणाऱ्याला "येवा परत", एवढंच तर होतं.

आणखी एक मार्ग आहे, भावकीचा. तुमच्या आणि दिरांच्या पाहुण्यांत निम्मी नावं तीच असणार. तीच माणसं दुपारी तुमच्याकडे आणि दोन तासांनी दिरांकडे, दोन्हीकडे आग्रह, दोन्हीकडे अर्धं ताट टाकलेलं. भावाभावांनी एक मांडव, एक आचारी, एक चूल केली तर निम्मं काम आणि बराच खर्च उतरतो. भावकीत एकत्र चूल म्हटलं की कोण किती देणार यावरून भांडण होऊ शकतं, नाही असं नाही. म्हणून मटण कुणाचं, तांदूळ कुणाचे, मांडव कुणाचा हे आधीच वाटून घ्यायचं, रोख पैसे एकत्र करायचे नाहीत.

आग्रहाबद्दल. आपण सीमाभागातली माणसं आग्रहात कुणाला हार जात नाही. "एवढंच? अजून घ्या की वो, लाजालासा काय?" हे मराठीत, आणि पाहुणा कानडी असेल तर "ऊटा माडरी" म्हणत पुन्हा तेच. जावयांना दुसऱ्यांच्या यात्रेत जेवताना एक गोष्ट सांगून ठेव. ताट रिकामं होऊ द्यायचं नाही. वाढप्याची नजर रिकाम्या ताटावर असते, माणसाच्या तोंडावर नसते. पहिल्या वाढीला थोडंच घ्यायचं, सावकाश खायचं, आणि शेवटची भाकरी-रस्सा ताटात असतानाच "आहे अजून, जेवालोय" म्हणायचं. ताटावर दोन्ही हात आडवे धरून "नको नको" केलं की वाढणाऱ्याला चेव येतो, तिसऱ्या "नको"ला डाव ताटात पडलेला असतो. आणि तुझ्या घरी वाढायला उभी राहशील तेव्हा तूही एकदाच विचार. मुलांना वाढायला लावलंस तर त्यांना हे आधी समजावून सांग, पोरं जोशात असतात.

यात्रेच्या त्या दोन दिवसांत जावई मटण खाऊ देत, पोळी खाऊ देत. देवीचं आहे, अठरा वर्षांनी आलंय. तू फक्त तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा तोच लहान कप आणि साखरेचा तोच लहान चमचा पुढे आण. उरलेलं मटण दोन दिवस गरम करत बसू नकोस, वैशाखाची उष्णता असते.

आता तुझ्या मोबाईलचं सांगते. चार्जर स्वयंपाकघरात लाव, रात्री दहाला मोबाईल तिथं ठेव आणि गजराचं जुनं घड्याळ काढ. अंथरुणात हातात घेतला की "एकच बघते" ला शेवट नाही, तो ॲपच तसा बनवलेला आहे, तुझा काही गुन्हा नाही. भिशीच्या साडीबद्दल मी तुला काही म्हणणार नाही. वर्षभर दुसऱ्यांची ब्लाऊजं शिवणाऱ्या बाईने वर्षातून एक साडी घेतली तर त्याला चैन म्हणत नाहीत. ह्या वर्षी भिशी यात्रेला जाणार असेल तर मात्र साडी त्या एक लाख वीस हजारांत लिहून घे, बाजूला नको. स्वतःचं नाव वहीत असलेली बाई दुसऱ्याच्या पानावर बोट ठेवू शकते.

रक्ताची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करा, म्हणजे संक्रांतीनंतर. यात्रेच्या तोंडावर नको. तेव्हा आकडा काहीही आला तरी घरात वादावादी होईल आणि खापर मटणावर फुटेल. सहाच्या आसपास उतरला तर चहा-भाताचं जे चाललंय तेच चालू ठेवा. वर गेला तर डॉक्टरांकडे परत, आणि ह्या वेळी वाटी-चमच्यात विचारून घ्या.

राहिले थोरले दीर. त्यांच्याशी तू बोलू नकोस, जावयांनाही आधी पाठवू नकोस. दोघे भाऊ समोरासमोर बसले की आकडा वरच चढत जातो, कुणालाच कमी म्हणायचं नसतं. सासूबाईंना सांग. गेली यात्रा त्यांनी केली आहे, त्या वेळचं कर्ज किती वर्षं फेडलं हे त्यांच्याशिवाय घरात कुणाला ठाऊक नसणार. एका दुपारी भाकरी थापताना सहज विचार, "आत्या, तवा किती माणसं जेवली हो आपल्याकडं, आणि पैसे कुठनं आणले होते?" मग गप्प बस आणि त्या जे सांगतील ते ऐक. दिरांना बोलवायचं काम त्या आपणहून करतील. मात्र पंचांच्या पहिल्या बैठकीच्या आत हे व्हायला हवं, कारण एकदा चारचौघांत दिरांनी हजाराचा आकडा बोलला की तो मागे घेणं त्यांना जमणार नाही.